वन्यजीव आणि पर्यावरणाच्या स्थानिक नोंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसरातील पक्षी, कीटक, झाडे, पाणवठे आणि पाऊस यांच्या नोंदी ठेवणारे वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. अडचणीचे आणि अपवादांचे प्रश्न पुढे येतात. एकाच मुद्द्याची दोनदा चर्चा होऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नोंद म्हणजे नेमके काय? कोणती माहिती नसेल तर ती नोंद धरली जात नाही?

काय दिसले, कुठे दिसले, केव्हा दिसले आणि कोणी पाहिले, या चार गोष्टी असल्या की नोंद उभी राहते. यांतील एक जरी गळली तरी उरते ती केवळ आठवण. "तळ्यावर खंड्या दिसला, फारच सुंदर!" या वाक्यातून पाहणाऱ्याचा आनंद पोहोचतो, पण तळे कोणते, दिवस कोणता आणि धीवरांच्या अनेक प्रजातींपैकी हा कोणता, यांपैकी काहीच कळत नाही. तीच नोंद अशी लिहिता येते : "छोटा धीवर, १ नर (खालची चोच पूर्ण काळी), २०२४-०१-१४, सकाळी ७.२०, जुन्या दगडी पुलापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे २०० मीटर, डावा काठ, पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून दोनदा सूर मारला, १५ मीटरवरून दुर्बिणीने पाहिला", आणि खाली निरीक्षकाचे नाव. डावा काठ म्हणजे प्रवाह ज्या दिशेने वाहतो तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडे येणारा काठ, हा संकेत सर्वत्र एकच असल्यामुळे अशी नोंद अनोळखी माणसालाही त्या फांदीपर्यंत नेऊ शकते.

या चारांच्या जोडीला पाचवी गोष्ट येते, ती म्हणजे कसे पाहिले. तिच्याविना नोंद बाद होत नाही, पण तिचा उपयोग बराच कमी होतो. तिचे कारण प्रश्न ९ मध्ये सविस्तर दिले आहे.

२. चिमण्या, कावळे, मुंग्या असे रोज दिसणारे जीव नोंदवून काय साधणार?

पुष्कळ काही साधते. दुर्मीळ जीव दिसला की तो नोंदवण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्यामुळे त्याच्या नोंदी आपोआप जमतात. नेहमीच्या जीवांकडे मात्र ते कमी होऊ लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही, आणि तोवर पूर्वी ते किती होते हे सांगणारे काही हाती नसते. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतर एकेकाळी अब्जावधींच्या संख्येने होते. त्या प्रजातीतील शेवटची ज्ञात मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

उलट बाजूचे उदाहरण जपानमधील क्योटोचे आहे. तेथील चेरीची झाडे कोणत्या दिवशी पूर्ण बहरली हे दरबारी आणि धार्मिक रोजनिश्यांतून नवव्या शतकापासून अधूनमधून टिपलेले सापडते. लिहिणाऱ्यांच्या मनात बहराचे सोहळे होते, हवामानाचा अभ्यास नव्हता. तरीही त्याच तारखा जोडून बाराशे वर्षांची मालिका तयार झाली, आणि २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोपर्यंतच्या साऱ्या मालिकेत सर्वांत लवकरचा होता, असे खात्रीने म्हणता आले.

३. प्रजाती ओळखता आली नाही, तर नोंद पाठवावी का?

अवश्य पाठवावी, मात्र जेवढे खात्रीने माहीत आहे तेवढ्यावरच थांबावे. "पांढऱ्या पट्ट्याची एक टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक), प्रजाती अनिश्चित" ही प्रामाणिक नोंद आहे, आणि कुळापर्यंत किंवा वंशापर्यंत पोहोचलेली ओळखही कामाची असते. अनेक कोळी, पतंग आणि माश्या यांची प्रजाती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासल्याशिवाय ठरत नाही. अशा वेळी फोटोवरून प्रजातीचे नाव ठामपणे लिहिणे म्हणजे अंदाजाला वस्तुस्थितीचा पोशाख चढवणे होय.

मोबाइलवरील ओळख सुचवणारी ॲप्स उपयुक्त आहेत, परंतु ज्या प्रजातींचे फोटो त्यांना भरपूर शिकवले गेले आहेत त्यांच्याकडे त्यांचा कल असतो. सुचवलेली प्रजाती त्या प्रदेशात आणि त्या ऋतूत आढळते का, एवढे तपासले तरी निम्म्या चुका टळतात असा आमच्याकडे येणाऱ्या नोंदींवरून झालेला ग्रह आहे. आपण काय पाहिले आणि त्यावरून काय ठरवले, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पुढे कोणी ओळख बदलली तरी मूळ निरीक्षण शाबूत राहते.

४. स्थानिक नाव लिहिले तर चालते का?

चालते, आणि ते जरूर लिहावे. मात्र त्यासोबत शास्त्रीय नावही असावे, कारण एकच बोलीनाव अनेकदा दोन-तीन प्रजातींना दिले जाते. शास्त्रीय नाव माहीत नसेल तर स्थानिक नाव आणि वर्णन पाठवावे, बाकीचे तपासणारे पाहतात.

५. फोटो कसा असावा? आणि फोटो नसेल तर नोंद ग्राह्य धरतात का?

सुंदर फोटो आणि ओळख पटवणारा फोटो या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. झाडाच्या बाबतीत पानाच्या दोन्ही बाजू, पानांची फांदीवरील मांडणी, फूल समोरून आणि बाजूने, फळ आणि साल यांचे फोटो लागतात. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू बऱ्याचदा वरच्या बाजूपेक्षा अधिक बोलकी असते. चतुराच्या छातीची कड आणि शेपटाचे टोक दिसायला हवे. अळंबीचा वरून काढलेला फोटो सर्वांकडे असतो. छत्रीखालचा भाग आणि देठाचे बूड मात्र क्वचितच कोणी टिपते, आणि ओळख बहुधा तिथेच अडते. शिंपले, लेंड्या, ठसे यांच्याशेजारी मोजपट्टी ठेवावी. नाणे ठेवले तर ते कोणते हे लिहावे, कारण दुसऱ्या देशातील तपासणाऱ्याला त्याचा व्यास ठाऊक नसतो.

फोटो नसेल तरी नोंद ग्राह्य असते. अशा नोंदीत आकार, रंग, आवाज, हालचाल आणि मिळत्याजुळत्या प्रजाती कोणत्या कारणाने वगळल्या हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. आवाजाचे ध्वनिमुद्रण हा फोटोइतकाच चांगला पुरावा आहे. बेडूक, रातकिडे आणि रात्रीचे पक्षी यांच्या बाबतीत तर तो फोटोपेक्षाही सरस ठरतो. संपादन करताना मुद्रणातील पार्श्वभूमीचा आवाज पुसू नये.

६. ठिकाण किती नेमके द्यावे? मोबाइल दाखवतो ते सगळे अंक लिहायचे का?

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत द्यावेत आणि त्यासोबत अचूकतेची मर्यादा मीटरमध्ये द्यावी. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक साधारण १११ मीटर, चौथा ११ मीटर आणि पाचवा १ मीटर एवढे अंतर दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता सुमारे ५ मीटर असते, दाट झाडीत किंवा दरीत ती आणखी घसरते. त्यामुळे आठ अंक लिहून नोंद अधिक अचूक होत नाही, ती केवळ तशी भासते. नकाशावर बोट ठेवून ठरवलेल्या जागेबाबतही हेच लागू आहे : ठिपका कितीही बारीक असला तरी "± ५०० मीटर" असे लिहिले नाही, तर वाचणारा त्या ठिपक्यावर विश्वास ठेवतो.

दोन गोष्टी नेहमी सुटतात. पहिली, अक्षांश-रेखांश निरीक्षकाचे आहेत की जीवाचे, हे लिहिलेले नसते. टेकडीच्या माथ्यावरून समोरच्या कड्यावरील गिधाड पाहिले तर दोन्हींत एक किलोमीटरचाही फरक पडू शकतो. दुसरी, आकड्यांच्या जोडीला शब्दांत वर्णन नसते. अक्षांश-रेखांशांतील एक अंक उलटसुलट झाला तर नोंद समुद्रात जाऊन पडते, आणि "ओढ्यालगतचे बांबूचे बेट" एवढे शब्द सोबत असतील तर ती चूक सापडते. लांब फेरफटक्यातील सर्व नोंदी सुरुवातीच्या जागेवर लावू नयेत; फेरफटक्याचे तुकडे पाडावेत.

७. तारीख आणि वेळ लिहिण्याची एकच पद्धत का पाळायची?

०५/०३ हे कोणी पाच मार्च वाचतो तर कोणी तीन मे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे २०२४-०३-०५ असे लिहिले की संदिग्धता राहत नाही, आणि संगणकावर क्रमही आपोआप बरोबर लागतो. स्प्रेडशीटच्या तक्त्यात तारखेचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा, नाहीतर एक्सेल आपल्या मर्जीने बदल करते. हा त्रास एवढा जुना आहे की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये, एक्सेल ज्यांच्या तारखा करून टाकत असे त्या जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले.

कॅमेऱ्याचे घड्याळ प्रवासानंतर तपासावे. रात्रभर चाललेल्या निरीक्षणात मध्यरात्र ओलांडली की तारीख बदलते, हे पतंगांच्या नोंदी करणारे हमखास विसरतात. तेथे सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही तारखा द्याव्यात. तारीख अर्धवटच माहीत असेल तर प्रश्न १७ पाहावा.

८. नेमकी संख्या मोजता आली नाही, तर "बरेच" असे लिहावे का?

"बरेच" म्हणजे एकाला १२ आणि दुसऱ्याला १,२०० वाटू शकतात, म्हणून तो शब्द टाळावा. मोठ्या थव्यात आधी दहा किंवा पन्नास पक्षी मोजून त्या गटाने थव्याचा किती भाग व्यापला ते नजरेत धरावे, आणि तेवढे गट उरलेल्या थव्यात किती बसतात ते पाहावे. आलेल्या आकड्यापुढे "अंदाजे" लिहावे, किंवा "३०० ते ४००" असा पल्ला द्यावा. मोजलेच नसेल तर "उपस्थित, मोजले नाही" असे लिहावे. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यासाठी आकड्याऐवजी एक्स हे अक्षर टाकण्याची सोय आहे. मुंग्या, शेवाळ, गवत यांच्या बाबतीत संख्येऐवजी व्यापलेले क्षेत्र किंवा वारुळांची मोजणी अधिक अर्थपूर्ण असते.

९. तासभर फिरलो आणि काहीच दिसले नाही. तेही नोंदवायचे?

नोंदवायचे. आमच्या मते या साऱ्या कामातील सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

एखाद्या ठिकाणाहून एका प्रजातीच्या नोंदी दहा वर्षांपूर्वी चाळीस आल्या आणि यंदा दहा आल्या, तर त्या प्रजातीची संख्या घटली असेल, किंवा तेथे फिरणारी माणसे घटली असतील. निव्वळ नोंदींवरून यांतील काय घडले ते सांगता येत नाही. नोंदी रस्त्यांच्या कडेने आणि सुट्टीच्या दिवशी दाटतात, आणि जीवांचे वास्तव्य अर्थातच त्या वेळापत्रकाप्रमाणे नसते. हा गुंता सोडवण्याचा मार्ग म्हणजे श्रमांची नोंद : किती वाजता सुरुवात केली, किती वेळ पाहिले, किती अंतर चाललो, किती जण होतो आणि दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व प्रजाती लिहिल्या की फक्त आवडलेल्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "सर्व" असेल, तर यादीत नसलेली प्रजाती त्या वेळी आढळली नाही असे समजता येते आणि अनुपस्थितीलाही अर्थ येतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्डमध्ये संपूर्ण यादीला एवढे महत्त्व आहे ते याच कारणाने.

उत्तर अमेरिकेतील नाताळची पक्षिगणना १९०० साली फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने २७ निरीक्षकांनिशी सुरू झाली. पुढे निरीक्षक हजारोंनी वाढले, पण प्रत्येक गटाचे तास आणि अंतर लिहिलेले असल्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांची तुलना त्या प्रमाणात करता येते. दुसरे उदाहरण जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांचे. त्यांनी एकाच धाटणीचे तंबूसारखे सापळे ठरावीक पद्धतीने लावले आणि त्यात सापडलेल्या कीटकांचे एकत्रित वजन टिपून नमुने जपून ठेवले. ६३ संरक्षित ठिकाणांचा हा संग्रह २०१७ मध्ये तपासला गेला, तेव्हा २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे दिसले. सापळ्यांचा आकार मध्येच बदलला असता, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

म्हणून काहीच न दिसलेल्या तासाची वेळ, अंतर आणि हवामान लिहून यादी कोरी पाठवावी. एखादी विशिष्ट प्रजाती मुद्दाम शोधूनही मिळाली नसेल, तर तिच्या नावापुढे शून्य लिहावे. कोरा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१०. तोच प्राणी रोज त्याच जागी दिसतो. दर वेळी नवी नोंद करावी का?

होय, वेगळी तारीख म्हणजे वेगळी नोंद. स्थलांतरित पक्षी कधी आला एवढेच नव्हे, तर शेवटचा कधी दिसला हेही त्यातूनच कळते. एकाच दिवशी एकाच प्राण्याचे दहा फोटो असतील तर मात्र ते सर्व एकाच नोंदीला जोडावेत, दहा नोंदी करू नयेत.

११. बागेत लावलेले झाड, पिंजऱ्यातून सुटलेला पोपट यांची नोंद होते का?

होते, पण तसे स्पष्ट लिहावे लागते. लावलेले झाड आणि पाळलेला प्राणी "लागवडीतील" किंवा "पाळीव" म्हणून नोंदवला जातो, जेणेकरून प्रजातीच्या नैसर्गिक विस्ताराचा नकाशा बिघडू नये. तेच झाड आपले बी टाकून कुंपणापलीकडे उगवू लागले, तर ती रोपे लागवडीतील राहत नाहीत, आणि अशा पहिल्या काही नोंदी अत्यंत मोलाच्या असतात. परक्या प्रजातींचा फैलाव आवरायचा असेल, तर सुरुवातीलाच कळणे सर्वांत स्वस्त पडते. बागेतील झाडावर आपणहून आलेले फुलपाखरू अर्थातच वन्य आहे. सुटलेल्या पोपटाबाबत शंका असेल तर पायातील कडे, झिजलेली पिसे आणि माणसाळलेपणा यांचा उल्लेख करावा.

१२. मेलेला प्राणी, ठसे, विष्ठा, सापाची कात यांवरून नोंद करता येते का?

येते. नोंदीचा आधार काय हे लिहिले की पुरे : "मृत, रस्त्यावर", "ठसा, ओल्या मातीत", "कात". रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदींवरून प्राणी रस्ता कुठे ओलांडतात हे कळते, आणि भुयारी मार्ग कोठे हवा हे ठरवताना त्या उपयोगी पडतात. ठशाचा फोटो सरळ वरून घ्यावा, तिरपा नको, आणि सलग तीन-चार ठशांची रांगही टिपावी. मृत पक्ष्यांना किंवा सस्तन प्राण्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले आढळले तर नोंदीच्या आधी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे.

१३. नोंदीसाठी प्राण्याच्या किती जवळ जावे?

प्राण्याचे वागणे बदलू लागले की आपण गरजेपेक्षा जवळ आलो आहोत. घरट्याजवळ थांबल्याने पालक पक्षी दूर राहतात आणि शिकाऱ्यांना वाट दिसते. फोटोसाठी ध्वनिमुद्रित साद वाजवणे विणीच्या काळात टाळावे. दगड उचलून पाहिला तर तो पुन्हा तसाच ठेवावा, कारण त्याच्याखालच्या जीवांसाठी तेच घराचे छप्पर असते.

पाणवठ्यांवर फिरणाऱ्यांसाठी एक खास सूचना आहे. बेडकांमध्ये कायट्रिड बुरशीचा घातक रोग जगभर पसरला आहे आणि ती बुरशी ओल्या बुटांवरून व जाळ्यांवरून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते. म्हणून दोन पाणवठ्यांच्या दरम्यान चिखल धुऊन, साहित्य निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे. नमुने पकडणे किंवा गोळा करणे हा वेगळा विषय आहे. त्यासाठी बहुतेक देशांत परवानगी लागते आणि फोटो काढण्याची मोकळीक म्हणजे ती परवानगी नव्हे.

१४. पाऊस, तापमान, पाण्याची प्रत यांच्या नोंदींना हेच नियम लागू आहेत का?

चार मूलभूत गोष्टी त्याच आहेत. फरक एवढाच, की येथे ओळखीच्या जागी उपकरण येते. कोणते उपकरण, कोणते एकक, शेवटचे प्रमाणन केव्हा केले आणि वाचन कोणत्या वेळी घेतले, हे नसेल तर आकडा अधांतरी राहतो. वेळेचे महत्त्व विशेष आहे. वनस्पती आणि शेवाळ असलेल्या तळ्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो, म्हणून सोमवारी सकाळी आणि मंगळवारी दुपारी घेतलेल्या वाचनांतील फरक हा प्रदूषणाचा पुरावा होत नाही.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक स्वस्त आणि जुनी पद्धत म्हणजे सेकी चकती. इटलीतील अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ती वापरली. तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची चकती खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली, आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, अशी दोन्ही वाचने घेऊन त्यांची सरासरी काढतात. हे काम होडीच्या सावलीच्या बाजूने, मध्यान्हीच्या सुमारास आणि गॉगल काढून करावे. चकती तळाला टेकेपर्यंत दिसतच राहिली, तर "तळापर्यंत पारदर्शक, खोली इतकी" असे लिहावे. तो आकडा नेहमीच्या वाचनांत मिसळू नये.

शून्याचा प्रश्न येथेही आहे. पर्जन्यमापक कोरडा असणे, तळ ओला होण्याइतकाच शिडकावा होणे आणि त्या दिवशी वाचनच न घेणे, या तीन निराळ्या नोंदी आहेत. रासायनिक चाचणीत काही आढळले नाही, तर शून्य न लिहिता "चाचणीच्या किमान मर्यादेखाली" असे लिहून ती मर्यादा द्यावी. मोबाइलवर मोजलेले आवाजाचे डेसिबल प्रमाणित मापकाशी ताडून पाहिलेले नसतील, तर ते फक्त त्याच मोबाइलच्या इतर वाचनांशी तुलना करण्यापुरते वापरावेत.

१५. दुर्मीळ प्रजाती सापडली. ठिकाण जाहीर करावे का?

सर्वसाधारण उत्तर असे : तपासणाऱ्यांना आणि संवर्धन करणाऱ्यांना नेमके ठिकाण द्यावे, जगाला पुसट द्यावे. हे केवळ काल्पनिक भय नाही. चीनच्या आग्नेय भागातील आणि उत्तर व्हिएतनाममधील गोनियुरोसॉरस लुई या पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये छापले गेले. त्यातील माहितीचा माग काढत पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी मूळ ठिकाणच्या पाली इतक्या पकडल्या, की तेथून ती जवळपास नाहीशी झाली. याच वंशातील दोन नव्या प्रजातींचे वर्णन २०१५ मध्ये झाले तेव्हा अभ्यासकांनी ठिकाण छापणे मुद्दाम टाळले.

धोका प्रजातीच्या दुर्मीळतेइतकाच तिच्या बाजारभावावर आणि तिला पकडणे किती सोपे आहे यावरही अवलंबून असतो. दुर्मीळ पण कोणालाच नको असलेल्या शेवाळाचे ठिकाण लपवून उलट तोटाच होतो, कारण तेथे काम सुरू करणाऱ्या कंत्राटदाराला त्याचा पत्ताच लागत नाही. याउलट शिकारी पक्ष्यांची घरटी, ऑर्किड, कासवे, वटवाघळांच्या वसाहती यांबाबत कमालीची सावधगिरी हवी. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण आपोआप ०.२ अंशांच्या चौकटीत कोठेही दाखवले जाते, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २२ किलोमीटरच्या चौकटीत. पण ठिकाण इतर वाटांनीही फुटते : फोटोच्या फाइलमध्ये दडलेले अक्षांश-रेखांश, पार्श्वभूमीला दिसणारे शिखर, आणि त्याच तासात जवळच केलेली एखाद्या सामान्य प्रजातीची उघड नोंद. विणीचा हंगाम उलटेपर्यंत नोंद जाहीर न करणे हा साधा आणि चांगला उपाय आहे.

ठिकाण पुसट करताना मूळ अंक मोडू नयेत. स्वतःच्या वहीत अचूक ठिकाण ठेवावे आणि जाहीर प्रतीत "ठिकाण हेतुतः पुसट केले आहे" असा शेरा द्यावा.

१६. बहुतेक नोंदी माझ्या घराच्या आवारातल्या आहेत. पत्ता उघड होणार नाही का?

होऊ शकतो, म्हणून घरच्या नोंदींसाठी अचूकतेची मर्यादा मुद्दाम वाढवावी किंवा ठिकाण पुसट करण्याची सोय वापरावी. लहान मुलांच्या नोंदी त्यांच्या पूर्ण नावाने आणि शाळेच्या नावासह प्रसिद्ध करू नयेत. दुसऱ्याच्या जमिनीवर जाण्याआधी परवानगी घ्यावी आणि नोंदी पुढे कोठे जाणार आहेत हेही त्याच वेळी सांगावे. रस्त्यावर उभे राहून आतील झाड नोंदवायला सहसा हरकत नसते, पण जमीनमालकाचे नाव नोंदीत घालू नये.

१७. जुन्या वह्या सापडल्या आहेत. त्यातील अर्धवट नोंदी कशा भरायच्या?

आधी प्रत्येक पान जसेच्या तसे टिपावे, अगदी चुकीच्या शुद्धलेखनासह, आणि आपला अर्थ शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावा. जैवविविधतेच्या नोंदींसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात मूळ शब्दांतील ठिकाण आणि उलगडलेले ठिकाण यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, ते याचसाठी. "पावसाळ्याच्या सुरुवातीला" एवढेच लिहिले असेल तर मनाने तारीख घालू नये. त्या वर्षातील शक्य कालावधी सुरुवात आणि शेवट अशा रूपात द्यावा. विशेषतः १ जानेवारी ही तारीख भरती म्हणून वापरू नये, कारण पुढे ती खरी समजून कोणीतरी थंडीत आलेल्या पावशाचा शोध लावतो. ठिकाणाचे नाव बदलले असेल किंवा ते धरणाखाली गेले असेल, तर जुना नकाशा पाहून मध्यबिंदू आणि मोठी त्रिज्या द्यावी (प्रश्न ६). ज्यांच्या वह्या आहेत त्यांचे नाव निरीक्षक म्हणून, आणि आपले नाव नोंद उतरवणारा म्हणून लिहावे.

१८. नोंदी कोठे पाठवाव्यात? दोन ठिकाणी पाठवल्या तर त्या दोनदा मोजल्या जातील का?

पक्ष्यांच्या याद्यांसाठी ईबर्ड आणि फोटो किंवा आवाज असलेल्या कोणत्याही जीवासाठी २००८ पासून चालू असलेले आयनॅचरलिस्ट, हे दोन रुळलेले मार्ग आहेत. आपल्या भागातील नोंदकेंद्र, अभ्यासगट किंवा संग्रहालय असेल तर स्थानिक निर्णयांसाठी तेच अधिक जवळचे. जीबिफ हे २००१ मध्ये स्थापन झालेले आणि कोपनहेगन येथे सचिवालय असलेले जागतिक जाळे बहुतेकांच्या नोंदी एकत्र करून सर्वांना खुल्या ठेवते.

दोनदा मोजले जाण्याची शक्यता खरी आहे. एकच निरीक्षण दोन वाटांनी जीबिफमध्ये पोहोचले तर ते यंत्राला सहज ओळखता येत नाही. त्यामुळे एका निरीक्षणासाठी शक्यतो एकच मुख्य जागा ठरवावी, आणि दुसरीकडे देणे भागच असेल तर शेऱ्यात मूळ नोंदीचा क्रमांक द्यावा.

१९. नोंदी इतरांना वापरू देण्यासाठी परवाना कोणता निवडावा?

जीबिफ तीनच क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाने स्वीकारते : सर्व हक्क सोडणारा सीसी झीरो, श्रेय मागणारा सीसी बाय आणि श्रेयासह व्यापारी वापर वगळणारा सीसी बाय एनसी. तिसरा परवाना सुरक्षित वाटतो, परंतु पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीचे काम व्यापारी असल्यामुळे तिला आपली नोंद वगळावी लागू शकते. ज्या माळासाठी आपण नोंदी केल्या, त्याच माळाच्या अहवालात त्या न येण्याची शक्यता त्यात असते. नोंदींसाठी मोकळा आणि फोटोंसाठी कडक परवाना, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते, आणि बऱ्याच ठिकाणी ती करता येते.

२०. माझी नोंद "शंकास्पद" ठरवली गेली. मी खोटे बोलतो असे समजायचे का?

नाही. नोंद नेहमीच्या प्रदेशाबाहेरची, ऋतूबाहेरची किंवा संख्येने असाधारण असली की ती आपोआप तपासणीसाठी बाजूला काढली जाते, आणि तपासणारा प्रश्न विचारतो तो पुराव्याबद्दल. प्रश्न ५ मध्ये दिलेले वर्णन पाठवावे. तरीही नोंद स्वीकारली गेली नाही, तर "अपुरा पुरावा" आणि "चूक" हे दोन निकाल वेगळे आहेत हे लक्षात घ्यावे. आयनॅचरलिस्टवरील "संशोधन दर्जा" हा शिक्काही अंतिम नाही : किमान दोघांची मते आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचे एकमत एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि दोघे एकाच पुस्तकावरून एकच चूक करू शकतात. ओळख बदलली तर नोंद पुसू नये. दुरुस्त करून आधीचे नाव, तारीख आणि कारण शेऱ्यात ठेवावे.

२१. एका प्रजातीच्या दोन प्रजाती झाल्या. आधीच्या नोंदी वाया जातात का?

ठिकाण आणि पुरावा असेल तर सहसा जात नाहीत. आफ्रिकेतील हत्तींचे उदाहरण घ्यावे : आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये जंगलातील आणि सवानातील हत्तींचे मूल्यमापन प्रथमच दोन स्वतंत्र प्रजाती म्हणून केले. जुन्या नोंदीत नुसते "आफ्रिकी हत्ती" असले, तरी बहुतांश ठिकाणी जागेवरून प्रजाती ठरवता येते. ज्या पट्ट्यात दोन्ही आढळतात तेथे फोटो लागतो, आणि तोही नसेल तर नोंद जुन्या व्यापक अर्थाने तशीच ठेवली जाते. आपल्या वहीत नाव कोणत्या वर्षीच्या यादीनुसार किंवा पुस्तकानुसार लिहिले हे पहिल्या पानावर नोंदवावे.

२२. ज्या संकेतस्थळावर नोंदी ठेवल्या ते बंद पडले तर?

वर्षातून एकदा तरी आपल्या सर्व नोंदी साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. ती फाइल उघडायला कोणतेही विशिष्ट सॉफ्टवेअर लागत नाही. मराठी मजकूर असेल तर साठवताना यूटीएफ-८ निवडावे, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. रकान्यांची नावे, एकके आणि वापरलेली लघुरूपे यांचा खुलासा त्याच फोल्डरमध्ये स्वतंत्र पानावर ठेवावा. फोटोंच्या फाइलींना नोंदीचा क्रमांक नावातच द्यावा, म्हणजे त्या एकमेकांपासून तुटत नाहीत. हस्तलिखित वही संगणकावर उतरवून झाली तरी टाकून देऊ नये, आणि ती पुढे कोणत्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्यायची हे घरच्यांना लेखी सांगून ठेवावे. वहीतील ठिकाणे पुसट केलेली नसल्यामुळे प्रश्न १५ मधील खबरदारी त्या पत्रातही लिहावी.